भिकूची पट्टी

मी मैदानं आखतो. मुख्यतः कबड्डीची, कधी खो-खोची, आणि एखाद्या शाळेने बोलावलं तर लंगडीचंसुद्धा. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरीवली, सगळ्या उपनगरांत गेली चाळीस वर्षं मी चुन्याच्या रेषा मारत फिरलो आणि त्यातली एकही आज शिल्लक नाही. सामना सुरू झाला की पाच-सहा चढायांत मधली रेषा फिकी पडते. मध्यंतरात मी ती पुन्हा मारतो. स्पर्धा संपली की दुसऱ्या दिवशी त्याच जागेवर कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडतो. तुमच्या कामावर आमच्या अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "पुसलेल्या रेषांवर काय लिहिणार तुम्ही?"

तिचा प्रश्न रास्त होता. पण मैदानाच्या कडेला चुन्याची बादली घेऊन उकिडवा बसलेल्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं आणि त्याला मात्र सगळं दिसतं. खेळाडू दिसतात तसेच खेळाचे पुढारीही दिसतात. आपलं नाव मागे राहावं म्हणून माणूस काय काय करतो, हे मी फार जवळून पाहिलं आहे. त्यातल्या एकाने मात्र माझ्या डोळ्यांदेखत खरोखर नाव कमावलं. ते कसं, तेच सांगायचं आहे.

माझी पोटापाण्याची नोकरी मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात होती. मी फिटर. केसाएवढा फरक पडला तर जॉब बाद, अशी शिस्त तिथे होती आणि तीच घेऊन मी मैदानात उतरलो. बाहेरच्यांना वाटतं, दोरी ताणली, चुना टाकला, झालं मैदान. तसं नसतं. आधी माती दोनदा चाळायची. काच, खिळे, खडे, बाटल्यांची बुचं वेचायची. पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी रोलर फिरवायचा. जास्त ओली राहिली तर पोरं घसरतात, जास्त सुकली तर गुडघे सोलवटतात. मग काटकोन. त्यासाठी माझ्याकडे गाठी मारलेली एक दोरी आहे, तीन, चार आणि पाच हात अशी. शाळेत गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर शिकवलेलं आयुष्यात एवढंच एक कामाला आलं. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे भरले की मैदान खरं. माझी रेषा पंच दुसऱ्यांदा मोजत नाहीत, अशी माझी ख्याती होती. आहे म्हणायला हरकत नाही. आता सगळीकडे मॅट आल्या, त्यावर रेषा छापूनच येतात, त्यामुळे मला बोलावणी कमी झाली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

पुढाऱ्यांशी माझी पहिली लढाई नारळावरून झाली. आपल्याकडे उद्घाटनाला श्रीफळ वाढवतात आणि तेही मैदानाच्या बरोब्बर मधल्या रेषेवर, कारण फोटो तिथेच चांगला येतो. घाटकोपरच्या एका स्पर्धेत पाच पाहुणे होते. एकाने फोडला म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने फोडला म्हणून तिसऱ्याने, असे पाच नारळ माझ्या मधल्या रेषेवर फुटले. मी हात जोडून सांगत होतो, "साहेब, करवंटीचे तुकडे मातीत जातात हो, मुलांच्या गुडघ्यात घुसतात." साहेब कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "परंपरा आहे."

परंपरा पार पडली आणि मी चाळण घेऊन बसलो. पाऊण तास तुकडे वेचत होतो. दोन्ही संघ कंबरेवर हात ठेवून उभे, प्रेक्षक शिट्ट्या मारतायत. शेवटचा तुकडा हातात धरून मी उभा राहिलो तेव्हा टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पाचही पाहुणे दचकले. त्या दिवसापासून मी एक सपाट दगड पिशवीत घेऊन फिरतो. रेषांच्या बाहेर, कोपऱ्यात तो ठेवायचा, भोवती छान रांगोळी, दोन झेंडूची फुलं. फोटोग्राफर आपसूक तिकडे उभा राहतो आणि पुढारी त्याच्या मागे जातो. पुढाऱ्याला अडवायचं नसतं, त्याच्यासाठी रांगोळी दुसरीकडे काढायची असते, एवढं मी या धंद्यात शिकलो.

दुसरा किस्सा बोरीवलीचा, अलीकडचाच. स्पर्धेचे आश्रयदाते सकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, संध्याकाळी ड्रोन उडणार आहे. वरून दिसेल असं माझं नाव मैदानात लिहा. मोठ्या अक्षरांत. तुमच्या त्या चुन्याने."

"साहेब, खेळ सुरू झाला की पुसलं जाईल."

"पक्कं लिहा ना मग."

मी पक्कं लिहिलं. आयुष्यात एवढं सुंदर अक्षर मी कधी काढलं नव्हतं. ड्रोन उडायला उशीर झाला, बॅटरी की काय ती चार्ज नव्हती, आणि पंच काही कुणासाठी थांबेनात. सामना सुरू झाला. चौथ्या चढाईत आडनाव गेलं, पकडीत तिघं जण लोळले त्यात वडिलांचं नाव गेलं. ड्रोन वर पोचला तोवर "साहेब" एवढंच उरलं होतं. ते आश्रयदाते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, माझी रेषा तर रोजच पुसली जाते, तुमचं नाव एकदा गेलं तर एवढं काय?

हे हसण्यावारी नेण्यासारखं होतं. आता सांगतो ते तसं नव्हतं, कारण तो माणूस माझा होता आणि चूक निम्मी माझी होती.

भिकाजी आणि मी एका चाळीत वाढलो. दोघांचे वडील गिरणीत, दोघांची घरं मूळची वेंगुर्ल्याकडची. आमच्या मंडळाच्या संघात तो चढाईला जायचा, मी कोपरा सांभाळायचो. भिकू काय खेळायचा! हात लावून परत यायचा तेव्हा समोरच्याला कळायचंही नाही की आपण बाद झालो. एका वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने आम्हाला सामना काढून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही पेपरच्या स्टॉलवर हजर. बातमीत आमच्या कप्तानाचं नाव होतं आणि पुढे छापलं होतं, "त्याला इतर खेळाडूंनी चांगली साथ दिली." भिकूने ती ओळ तीनदा वाचली. पेपर घडी करून खिशात ठेवला आणि घराकडे चालू लागला.

पुढे तो केबलच्या धंद्यात शिरला, चांगला वर आला, आणि मंडळाचा अध्यक्ष झाला. भिकूचा भिकूशेठ झाला, मग भाऊ, मग भाऊसाहेब, आणि शेवटी फ्लेक्सवर "क्रीडामहर्षी". मी चारचौघांत त्याला भाऊसाहेबच म्हणायचो. माणूस मनाचा वाईट नव्हता. पोरींच्या संघाला बूट, किट, प्रवास, सगळं स्वतः उभं राहून बघायचा. पण फ्लेक्सवर पोरींचे फोटो शिक्क्याएवढे आणि याचा परातीएवढा.

मंडळाचं पन्नासावं वर्ष होतं. भाऊसाहेबाने धावपळ करून महिलांची जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा आमच्या मैदानावर मिळवली. आमच्या पोरींचा संघ त्या वर्षी जबरदस्त होता. कप्तान सायली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणारी, दिवसभर लोकांची रक्तं काढून संध्याकाळी डाव्या कोपऱ्यात उभी राहायची. तिच्या हातात एकदा पाय सापडला की सुटायचा नाही. आपल्या मैदानावर, आपल्या माणसांसमोर अजिंक्यपद जिंकायचं, हे तिने वर्षभर डोक्यात घेतलं होतं.

मी शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी नाचवत असताना मोबाईलवर भिकूचा फोटो आला. कागदावर एक आराखडा काढलेला, मैदानाच्या कडेला कायमचं स्टेज. पाठोपाठ त्याचा आवाज, "सहदेवा, बघ रे कसा वाटता? कायमचा काम करून टाकूया. दरवर्षी बांबू बांधूचे नकोत." घामाने माझे डोळे चुरचुरत होते, ढोल कानाशी वाजत होता. मी अंगठा पाठवून दिला. आयुष्यभर केसाएवढा फरक मोजणाऱ्या माणसाने अख्खं स्टेज न मोजता पास केलं.

परत आलो तेव्हा स्टेज उभं होतं. खाली विटांच्या भिंती, आत पोकळ, वर लोखंडी अँगल आणि त्यावर कडप्पा. समोरच्या अंगाला पांढरा संगमरवर आणि त्यावर काळ्या अक्षरांत क्रीडामहर्षी भाऊसाहेबांचं पूर्ण नाव. भिकू मला हाताला धरून वर घेऊन गेला. "ह्यां बघ. हयसून अख्खा मैदान दिसता."

मी अख्खं मैदान बघितलं. मैदान उरलंच नव्हतं.

हिशोब साधा आहे. महिलांचं मैदान आठ मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंना चार-चार मीटर जागा मोकळी हवी. ती शोभेसाठी नसते. पकड होते तेव्हा पाच-सहा जणी एकमेकींना धरून बाहेर फेकल्या जातात, त्यांना पडायला जागा लागते. आमची जागा आहे सतरा मीटर. एका बाजूला सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला गल्ली. म्हणजे सगळं बसून वर एक मीटर उरायचा. पूर्वी आम्ही गल्लीत बांबूचं स्टेज बांधायचो, स्पर्धा संपली की सोडायचो. हे स्टेज चार मीटर खोल, मैदानाच्या आत. कडेच्या रेषेपासून त्याचा कोपरा फक्त एक मीटरवर येत होता. मैदान आडवं फिरवून बघितलं, तर लांबी बसेना. खेळाचे मान्यवर बसावेत म्हणून खेळायची जागाच आम्ही बांधून काढली होती.

त्याच संध्याकाळी जिल्हा संघटनेकडून पाहणीला दामले मॅडम आल्या. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, किडकिडीत, गळ्यात शिट्टी, हातात टेप. त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

भिकू माझ्या कानाशी पुटपुटला, "टेप जरा सैल धर रे."

दामले मॅडमना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, सैल धरला तरी दगड मऊ होत नाही."

"मॅडम, मी वर फोन करतो."

"करा ना. पण टेप काही फोन उचलत नाही." त्यांनी टेप गुंडाळला. "परवा संध्याकाळी पाच वाजता मी परत येते. चार मीटर मोकळे दिसले तर स्पर्धा इथे. नाहीतर कांजूरच्या मैदानाला मी कळवते, ते तयार आहेत."

त्या गेल्या आणि भिकू स्टेजच्या पायरीवर बसला. आजूबाजूला कुणी नव्हतं. तो सरळ मालवणीवर आला.

"सहदेवा, आठाचा सात कर. दोन्ही बाजूंनी जरा जरा आत घे. तुझी रेषा कोण मोजता? कोणाक कळतला?"

खरं सांगतो, क्षणभर माझं मन डळमळलं. कुणीच मोजलं नसतं. चाळीस वर्षांत मिळवलेली ती ख्याती एका संध्याकाळी मित्रासाठी खर्च करायची, एवढंच होतं.

"नाही जमायचं, भिकू," मी म्हटलं. "आठाचे सात केले तरी चार मीटर होत नाहीत, कोपरा तिथेच राहणार. एखाद्या पोरीचं डोकं फुटेल. तो अंगठा पाठवला ती माझी चूक झाली. त्यावर अजून एक नको."

"मगे काय करू? फोडू?" त्याने पायरीवर हात आपटला. "अरे, मी आयुष्यभर 'इतर'च रवलंय. आता कुठे माझा नाव दगडावर इला."

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ती ओळ निघाली. मी त्याच्या शेजारी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी मैदानावर गेलो, तर पोरी आधीच आलेल्या. मंडळाच्या व्यायामशाळेतल्या जुन्या गाद्या, तांदळाची रिकामी पोती, कुणाच्या घरची फाटकी गोधडी, असं सगळं घेऊन त्या स्टेजच्या कडेला बांधत होत्या. कुणी तक्रार करत नव्हतं. सुतळीने गाठी मारण्याचं काम चालू होतं. एवढ्यात भिकू आला. त्याचा संगमरवर एका कळकट गादीखाली झाकला गेला होता.

"हे काय चाललंय?" तो ओरडला. "ही गादी कोणी लावली?"

सायली उठून उभी राहिली. "मी लावली, भाऊ."

"नाव झाकलंस ते? दुसरी जागा नाही मिळाली?"

"भाऊ, माझा कोपरा इथेच येतो ना," ती सरळ म्हणाली. "पकड झाली की मी इकडेच फेकली जाणार. तुमच्या नावावर डोकं आपटायला नको म्हणून लावली. स्पर्धा कांजूरला गेलेली आम्हाला नकोय. आम्ही अशाच खेळू, तुम्ही मॅडमना समजवा फक्त."

भिकूने गादी उचलून बघितली, खाली संगमरवराची कड होती, धारदार. तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला. मग गादी खाली सोडली आणि चालता झाला. पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, रागावून घरी गेला.

दहा मिनिटांनी तो आला तो घण घेऊन. अंगात झब्बा होता तो काढला, बनियनवर उभा राहिला. वय अडुसष्ट, दोन स्टेंट घातलेले.

"भिकू, तू नको," मी पुढे झालो.

"गप रव," तो म्हणाला. "माझा नाव, मी काढतलंय."

पहिला घाव त्याने विटांवर घातला. दुसऱ्या घावाला संगमरवर भिंतीपासून सुटला. तिसऱ्याला तो धापा टाकत खाली बसला आणि सायलीने घण त्याच्या हातातून घेतला. पोरींनी एवढा गलका केला की सोसायटीच्या खिडक्या उघडल्या.

त्यानंतरचे दीड दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात झकास दिवस. कारखान्यातले माझे दोन जुने सोबती गॅस कटर घेऊन आले. आम्ही तिघा म्हाताऱ्यांनी लोखंडी अँगल असे सफाईने कापले की फोरमन असता तर पाठ थोपटली असती. कडप्पे उतरवले. विटा हातोहात गल्लीत गेल्या, रांगेत चाळीतल्या बायका, सोसायटीतले पेन्शनर, ज्यांनी कधी कबड्डी बघितली नाही असे कोपऱ्यावरचे फरसाणवालेसुद्धा. खाली नुसता भराव निघाला. तो उपसला, नवीन लाल माती आणली, तीनदा चाळली. मी अशी काच वेचली जशी बायको तांदूळ निवडते. पाणी मारलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रोलर फिरवला. भिकूला डॉक्टरांनी खुर्चीत बसायला सांगितलं होतं. तो बसला, पण तिथूनही "तो खडा राहिला, तो बघ, तो!" असं ओरडत होता.

पाच वाजता दामले मॅडम आल्या. टेप टाकला. मी दुसरं टोक धरून उभा.

"पाच मीटर," त्या म्हणाल्या. "एक जास्तच आहे की."

"तो पाहुण्यांना," भिकू म्हणाला. "एक रांग खुर्च्या. जमिनीवर."

दामले मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग गळ्यातली शिट्टी तोंडात धरून एकदा जोरात वाजवली. पोरी नाचायलाच लागल्या.

स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे आले, मोठं प्रस्थ. इकडे तिकडे बघून म्हणाले, "भाऊसाहेब, स्टेज कुठे?"

"खेळायला दिलं, साहेब," भिकू म्हणाला.

उद्घाटनाचा नारळ मी रेषांच्या बाहेरच फोडायला लावला. पण त्या दिवशी माझा नेहमीचा दगड नव्हता. भिकूनेच तो संगमरवर आणून ठेवला होता, अक्षरं खाली, पाठ वर. मी रांगोळी काढायला वाकलो तेव्हा तो डोळा मिचकावून म्हणाला, "घाबरू नको. मजबूत आसा."

अंतिम सामना आमचा आणि बोरीवलीचा. आमच्या पोरी एका गुणाने पुढे, शेवटची चढाई बोरीवलीची. त्यांची सगळ्यात भारी चढाईपटू आत आली, उंच, लांब हातांची. तिने गुण नेला असता तर बरोबरी, दोन नेले असते तर सगळं संपलं. मी नेहमीसारखा बादली घेऊन कडेला. ती डाव्या कोपऱ्याकडे झुकली, पाय पुढे टाकला, आणि सायलीने तो घोट्याशी धरला. ती पोरगी काय ताकदीची! सायलीला ओढत मध्यरेषेकडे निघाली. मग आमच्या आणखी दोघी धडकल्या, आणि चौघी एकत्र कडेच्या रेषेवरून बाहेर उडाल्या. लाल मातीत तीन कोलांट्या. धुळीचा लोट थेट प्रमुख पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर. स्टेजचा तो कोपरा जिथे होता, नेमकी तिथे सायली उताणी पडली होती.

पंचाचा हात वर गेला. चढाईपटू बाद, आमचा गुण.

सायली उठली. केसांत माती, कोपराला खरचटलेलं, दात काढून हसत होती. मी डोळे पुसले, चुना गेला होता डोळ्यांत, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी रडत होतो. भिकू खुर्चीवर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडत होता, क्रीडामहर्षीला न शोभेल असं. चषक घ्यायच्या आधी सगळ्या पोरी त्या लाल पट्टीवर आल्या, वाकल्या, आणि तिथली माती कपाळाला लावली. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं म्हातारे पुन्हा पेपरच्या स्टॉलवर. बातमी होती. "सायलीच्या निर्णायक पकडीने विजय मिळाला. तिला इतर खेळाडूंनी चांगली साथ दिली." आयोजकांचा उल्लेखच नव्हता. मी भीतभीत भिकूकडे बघितलं. तो आधी हसला, मग हसू जाऊन चांगलाच तापला.

"इतर? नावां नाय त्यांका?"

घरी जाऊन त्याने कार्डपेपरवर स्केचपेनने बाराही पोरींची नावं लिहिली, ठळक, मोठ्या अक्षरांत, आणि व्यायामशाळेच्या दारावर स्वतः चिकटवली. खाली अध्यक्ष म्हणून आपलं नाव घालायला विसरला. मी आठवण केली, तर म्हणाला, "जागा खंय आसा?"

ती नवी माती आजूबाजूच्या मातीपेक्षा अजूनही लाल दिसते. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. मी तिथे रेषाही मारत नाही, मोकळी ठेवायची जागा ती. पण बाहेरचे संघ आमच्याकडे खेळायला आले की मध्यरेषेला हात लावतात आणि मग तिकडे जाऊन चिमूटभर माती कपाळाला लावतात. कुणी विचारलं तर सांगतात, भिकूची पट्टी. त्यातल्या अर्ध्या पोरींना भिकू कोण ते माहीतही नाही. भाऊसाहेब कुणी म्हणत नाही, क्रीडामहर्षी तर नाहीच.

तो रोज संध्याकाळी सरावाला येतो. खुर्ची मुद्दाम पट्टीवरच टाकतो, जवळून दिसतं म्हणून. आणि चढाई त्या बाजूला आली की डाव्या कोपऱ्यातून सायली ओरडते, "भाऊ, उठा! पट्टी मोकळी करा!"

भिकू लगबगीने उठतो, खुर्ची उचलतो आणि मागे सरकतो. एका संध्याकाळी तसा उभा राहून, खुर्ची छातीशी धरून, तो मला म्हणाला, "ऐकलंस? दिवसातून धा वेळा माका उठवतत."

एवढा खूश मी त्याला कुठल्याच स्टेजवर पाहिला नव्हता.